गुडघेवाल्यांची उत्तरं

सोमवार, ३ मार्च

धाकटीला डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं, बाळंतपणाच्या वेळी रक्ताच्या दोन पिशव्या हाताशी हव्यातच. तिने फोन करून मला कळवलं आणि वर म्हणाली, "ताई, तुझं मंडळ असताना मला कसली काळजी?" मीही हसले. 

तिचा रक्तगट बाबांचा, लाखात एखाद्याचा असतो तसा. माझा आईचा, चारचौघांसारखा, म्हणजे या कामी माझा उपयोग शून्य. बाबांनी ऐन उमेदीत कितीतरी जणांना रक्त दिलं, पण आता त्यांचं वय उलटून गेलंय. रक्त फार दिवस टिकत नाही, म्हणून आधीच भरून ठेवायची सोय नाही. ज्याला लागेल त्याच्यासाठी आमचं मंडळ या गटाच्या सगळ्या लोकांना ईमेल पाठवतं आणि जवळ असेल तो धावत येतो. निदान पूर्वी यायचा. मी या मंडळाची एकुलती एक पगारी माणूस. चष्म्याच्या दुकानावरची खोली, एक टेबल आणि करकरणारा पंखा, एवढा आमचा थाट.

गेल्या महिन्यात एका सुताराला रक्त लागलं. पत्र गेलं, कोणी आलं नाही, सुतार गेला. त्यानंतर लोकांची उत्तरं यायला लागली. माफ करा, तुमचं पत्र स्पॅममध्ये पडलं होतं, आज दिसलं. सुताराच्या बायकोने तर आभाराचा मेल पाठवला, प्रयत्न केल्याबद्दल. तो मला आमच्याच स्पॅममध्ये सापडला.

फोन करावेत तर मंडळाकडे कोणाचे नंबरच नाहीत. दात्याचं नाव, पत्ता, काहीही कोणाला दिसता कामा नये, असा मंडळाचा जुना नियम. मलासुद्धा दिसत नाही. पूर्वी म्हणे रुग्णाचे नातेवाईक दात्याच्या दारात जाऊन बसायचे, तेव्हापासून हे सुरू झालं. कोणाचं उत्तर आलं तर मला नुसता मजकूर दिसतो. मी त्याला उलट लिहिलं की ते ज्याचं त्याला पोचतं. पण तो कोण, ते फक्त यंत्राला ठाऊक.

धाकटीला एप्रिलअखेरची तारीख दिली आहे. तोवर हे पत्रांचं प्रकरण सुधारलंच पाहिजे. तिचा नवरा बोटीवर आहे, त्याला रजा मिळेल तेव्हा मिळेल.

बुधवार, ५ मार्च

छत्रीवाले येऊन गेले. संगणकाची दुरुस्ती करतात. बाहेर कडकडीत ऊन असलं तरी काखेत छत्री असतेच, म्हणून मी ठेवलेलं नाव. माणूस गुणी आहे, फक्त लहान मुलांना शिकवल्यासारखं बोलतात.

"ताई, असं समजा, टपालाच्या दारावर एक पहारेकरी बसलाय. तो तुमचं पत्र फारसं वाचतच नाही. ते घेणारा काय करतो, तिकडे त्याचं लक्ष. उघडलं का? उत्तर दिलं का? की तसंच पडू दिलं? तुमची पत्रं निम्मे लोक उघडत नाहीत आणि उत्तर तर क्वचितच कोणी देतं. मग पहारेकरी म्हणतो, हा नकोसा पाहुणा आहे, घाला स्पॅममध्ये."

"पण उघडलं की नाही हे तुम्हाला कसं कळतं?"

"प्रत्येक पत्रात ठिपक्याएवढं एक चित्र लपवलेलं असतं. ते उमटलं की समजायचं, उघडलं."

उपाय त्यांनी दोन सांगितले. जे कधीच पत्र उघडत नाहीत, त्यांना यादीतून काढून टाकायचं. आणि आमच्या पत्त्याला ऊब द्यायची. म्हणजे काय, तर खोटे वाचक तयार करायचे, त्यांच्याशी रोज गप्पा मारायच्या आणि त्यांच्या वतीने यंत्र उत्तरं देईल. पहारेकऱ्याला वाटेल, वा, यांची तर घरोब्याची माणसं दिसतात.

"पण पत्र माणसाने माणसाला लिहिल्यासारखं हवं हं," जाताना म्हणाले. "पहारेकरी हुशार असतो."

खोट्या माणसांना खरी पत्रं! मला हसूच आलं. पण शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवायचे, हे त्या पहारेकऱ्याला कुठे माहीत आहे.

शुक्रवार, ७ मार्च

पहिला खोटा वाचक तयार केला. नाव ठेवलं गुडघेवाले. उतारवयाकडे झुकलेला, गुडघा दुखणारा, मनाने चांगला. गुडघाच का सुचला कोण जाणे, हाताला लागला तो अवयव घेतला. त्यांना पत्र लिहिलं: "नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? उगाच जिने चढू नका. वेळेवर जेवता ना? सवडीने कळवा." असली महिनाभर पुरतील एवढी पत्रं लिहून ठेवली, आता रोज सकाळी एकेक आपोआप जाईल. उत्तरं आली की 'गुडघेवाले' नावाच्या कप्प्यात पडतील.

पत्र कोणाला जावं हे ठरवायला पडद्यावर चौकटींची एक रांग असते. खोट्या वाचकांच्या चौकटीला मी 'घरचे' असं नाव दिलं. तिच्या वरचीच चौकट 'गप्प', म्हणजे काढून टाकायचे लोक. टिचकी मारत होते तेवढ्यात खालून चष्मेवाल्याने सुट्ट्या पैशांसाठी हाका मारून जीव खाल्ला. मारली एकदाची टिचकी आणि गेले खाली.

घरी आले तेव्हा बाबांच्या खोलीतून नेहमीचा तेलाचा वास येत होता. संध्याकाळी काहीतरी चोळत बसतात. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले आणि स्वतः बोलायचं राहूनच गेलं. आई होती तोवर ती आमच्या मधली तार होती. आता आम्ही "दार लावलं का" आणि "गॅस बंद केला का" एवढंच बोलतो. बाकी वेळ ते माझ्या कचेरीतून बाद झालेल्या संगणकावर पत्ते खेळतात. त्यातली चित्रंबित्रं सगळी बंद करून ठेवलीत, म्हणे यंत्र जड होतं. पत्ते खेळायला एवढी टकटक कशाला लागते, देव जाणे.

बुधवार, १२ मार्च

छत्रीवाल्यांच्या यंत्राला मानलं! कप्प्यात उत्तरं आली आहेत, आणि काय एकेक उत्तरं!

"गुडघा बरा आहे. बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं."

"उजवा बरा. डाव्याचं विचारू नका."

"जिने चढू नका म्हणता, पण मी राहतो चौथ्या मजल्यावर. उडू का?"

हे शेवटचं वाचून एकटीच खोखो हसले. दिवसभर मन हलकं होतं. माणसाने माणसाला लिहिल्यासारखं म्हणजे हेच की.

धाकटीकडे जाऊन आले. तिचे पाय सुजलेत. "तुझे दाते तयार आहेत ना?" म्हणाली. म्हटलं, होतायत.

शनिवार, १५ मार्च

यंत्र जरा चळलंय का?

काल गुडघेवाले म्हणाले, "आज बागेत बसलो होतो, उन्हाने बरं वाटतं." आज म्हणतात, "माझ्या खोलीला खिडकीसुद्धा नाही." परवा गुडघा फुटबॉल खेळताना गेला होता, आज तो जन्मापासून वाकडा आहे. आणि संध्याकाळी हे आलं: "तुमची सगळी पत्रं मी मनापासून ऐकते."

ऐकते? कालपर्यंत बसलो, उठलो चाललं होतं. आणि पत्र ऐकतात कसं?

माणूस एकच, पण दर वेळी दुसऱ्याच्या अंगात शिरून बोलतोय असं वाटलं. खाली चष्म्याच्या दुकानात जाऊन थोडा वेळ उगाच उभी राहिले. चष्मेवाला म्हणाला, "ताई, चेहरा का उतरलाय? नंबर वाढला वाटतं." त्याला काय सांगणार, कपाळ?

मंगळवार, १८ मार्च

छत्रीवाल्यांना फोन केला. बाहेरगावी आहेत. म्हटलं, तुमच्या यंत्राची उत्तरं अंमळ जास्तच जिवंत वाटतात, जरा आवरा त्याला.

"कोणती उत्तरं?"

"गुडघेवाल्यांची. रोज येतायत की."



"ताई, ते मी अजून चालूच केलेलं नाही. त्या खात्यांचे पासवर्ड तुम्ही मला दिलेतच कुठे?"

 मग ते म्हणाले, "मी आलो की बघतो. तोवर त्या कप्प्याला उत्तर देऊ नका."

पडद्यावर तो कप्पा उघडाच होता आणि त्यात नवा मजकूर येऊन पडला होता. "तुम्ही विचारता म्हणून हल्ली मी औषध वेळेवर घेतो."

मी यंत्र बंद केलं आणि अंगावरची शाल घट्ट ओढून घेतली, मार्च महिन्यात.

गुरुवार, २० मार्च

हे लिहून ठेवते, म्हणजे वेड लागलंच तर निदान कधी लागलं ते तरी कळेल.

आज कप्प्यात हे आलं: "गुडघा तसाच आहे. तू काल डबा तसाच परत आणलास. उपाशी राहू नकोस."

आजवरचे सगळे मला तुम्ही म्हणत होते. हा तू म्हणतो. आणि काल मी खरंच जेवले नव्हते. धाकटीच्या तपासणीचे कागद नेऊन देण्यात दुपार गेली आणि डबा पिशवीत तसाच राहिला. हे मी कोणाला म्हणजे कोणाला सांगितलेलं नाही.

घरी आल्याबरोबर बाबांना विचारलं, "दिवसा घरात कोणी आलं होतं?"

"कोण येणार?"

"माझ्या डब्याला कोणी हात लावला?"

"मी घासला की. का?"

बाबांना असलं काही सांगून उपयोग नाही, उगाच घाबरतील. मी खिडक्या तपासल्या, माळा बघितला, पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं. ते दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलतीलसं वाटलं, पण "गॅस बंद केलाय" म्हणाले आणि आत गेले.

शनिवार, २२ मार्च

काल मिस्त्री बोलावून माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली.

आज सकाळी कप्पा उघडायचा नव्हता, तरी उघडला. "कडी कशाला लावलीस? मी काही आत येत नाही."

मी ओरडलेच असणार, कारण चष्मेवाला पळत वर आला. त्याला दाखवायला गेले तर म्हणाला, "यात काय आहे? घरच्या माणसाने लिहिल्यासारखं आहे." हो ना! तेच तर!

मी एक माणूस रचला, त्याला गुडघा दिला, त्याला बोलायला शिकवलं, आणि तो आता माझ्या घरात राहतोय. मला त्याची भयंकर भीती वाटते.

सोमवार, २४ मार्च

छत्रीवाले फोनवर म्हणाले, कोणीतरी खोडसाळपणा करतंय, आपण आपलं काम पुरं करू. गप्प लोकांना आजच काढा, मग आठवडाभरात पत्रं सरळ इनबॉक्समध्ये जातील.

काढले. यादीचा चांगला तिसरा हिस्सा गेला. पडदा विचारत होता, नक्की काढायचे? वर्षानुवर्षं आपण पत्रं पाठवतोय आणि यांनी एकदाही उघडून बघितलं नाही. असल्या माणसांसाठी धाकटीचा जीव टांगणीला लावायचा? मारली टिचकी. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

गुरुवार, २७ मार्च

गुडघेवाल्यांची नवी उत्तरं थांबत आली आहेत. माझी सकाळची पत्रं आपोआप जातच असतील, मी ती चौकट उघडूनही बघितलेली नाही. आज फक्त दोन आली. एक: "तीन दिवस पत्र नाही. बऱ्या आहात ना?" आणि दुसरं: "आता विचारत नाहीस. काही चुकलं का माझं?"

दोन्ही वाचून कप्पा मिटला. भुताने असं विचारावं याचंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचीच पुन्हा भीती वाटली.

एक चांगली बातमी. मंडळाचं या आठवड्याचं पत्र मी माझ्या, चष्मेवाल्याच्या आणि धाकटीच्या मेलवर तपासलं. तिन्हीकडे थेट इनबॉक्समध्ये! छत्रीवाले म्हणाले, "पहारेकरी पटला. तुम्हाला उत्तरं फार येतायत ना, म्हणून." मी म्हटलं, कोणाची ते विचारू नका.

बाबा दोन दिवस नीट जेवत नाहीयेत. विचारलं तर म्हणाले, "भूक नाही." हवा बदलली आहे, त्याचा परिणाम असेल.

मंगळवार, १ एप्रिल

धाकटीला दवाखान्यात ठेवलं. दिवस भरायच्या आत. दुपारपासून रक्तस्राव आहे. शक्य तितकं थांबायचं, पण परवापर्यंत दोन पिशव्या हव्यातच, असं रक्तपेढीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्या कपाटात या गटाची एकही नाही. दुसऱ्या शहरांत फोन झाले, तिथेही नाही.

तिथेच बाकावर बसून पत्र लिहिलं आणि सगळ्या यादीला पाठवलं. माझ्या हातात जे होतं ते मी केलंय, दारं उघडली आहेत, पत्रं पोचतायत. आता फक्त माणूस यायचा.

बुधवार, २ एप्रिल

पत्र पोचलं. कितीतरी लोकांनी उघडलं. उत्तरंही आली आणि सगळी भली माणसं. एकाने गेल्याच आठवड्यात रक्त दिलंय. एक बाई स्वतः आजारी. एकजण परदेशी. एक येतो म्हणाला, पण तो इतका लांब आहे की रविवारच्या आत पोचत नाही. देव तुमच्या बहिणीला सांभाळो, असं बाकीच्यांनी लिहिलंय.

धाकटी पांढरी पडली आहे. माझा हात धरून म्हणाली, "ताई, आले का तुझे लोक?" मी म्हटलं, निघालेत.

बाबा घरून फोनवर म्हणाले, "मी येऊ का?" मी म्हटलं, तुम्ही येऊन काय करणार, तुमचं रक्त चालत नाही. त्यांनी फोन ठेवला.

मग मी एक वेड्यासारखी गोष्ट केली. दवाखान्याच्या जिन्यात बसून गुडघेवाल्यांचा कप्पा उघडला आणि लिहिलं: "तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. मला तुमची भीती वाटते. पण माझ्या बहिणीला आपल्या गटाचं रक्त हवंय आणि माझ्याकडे दुसरं कोणी उरलेलं नाही. तुम्हाला काही करता येत असेल तर करा. मी तुम्हाला पुन्हा रोज पत्र लिहीन." दवाखान्याचं नाव आणि मजला घातला. आणि कप्प्यातल्या एकूण एक उत्तराला हेच पाठवलं. म्हटलं, भुताला पुन्हा पुन्हा सांगितलं तर एकदा तरी ऐकेल.

गुरुवार, ३ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी रक्तपेढीबाहेरच्या लांब बोळात मी एकटी बसले होते. लिफ्ट बिघडलेली. जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल टाकल्याचा आवाज, मग फरपटत आणलेलं दुसरं. पुन्हा एक, पुन्हा फरफट. माझ्या अंगावर काटा आला. तो येतोय, हे मला दिसायच्या आधीच कळलं होतं.

वर आला. पन्नाशीतला असावा, साधा शर्ट, हातात पिशवी. डावा पाय ओढत माझ्यासमोर येऊन उभा राहिला, धाप लागलेली.

"जिने चढू नका म्हणाला होतात," तो म्हणाला. "पण तुम्हीच बोलावलंत."

 त्याने विचारलं, रक्त कुठे द्यायचं? मी हाताने दार दाखवलं. तो आत गेला आणि जिन्यावर पुन्हा तोच आवाज. एक पाऊल, एक फरफट. तोच माणूस दुसऱ्यांदा वर येत होता.

या वेळी तो पंचविशीचा होता. गुडघ्याला पट्टा. "फुटबॉल," तो हसून म्हणाला. "लिहिलं होतं मी." त्याच्या मागून एक बाई आल्या, गुडघा न वाकवता, कठड्याला धरून. मग आणखी एकजण, कुबडी घेऊन. बोळात माझा गुडघेवाला पुन्हा पुन्हा येत होता, दर वेळी वेगळा चेहरा घेऊन, आणि दर वेळी माझ्याकडे ओळखीचं हसत होता. मी भिंतीला पाठ लावून उभी होते.

सगळ्यांत शेवटी पांढरी काठी टेकत एक बाई आल्या. डोळ्यांनी दिसत नव्हतं त्यांना. माझा आवाज ऐकून सरळ माझ्याकडे वळल्या.

"पत्रं लिहिणाऱ्या ताई तुम्हीच ना? माझं यंत्र मला पत्र वाचून दाखवतं. तुमचं एकही चुकवलेलं नाही मी, कित्येक वर्षांत. चित्रं तेवढी बंद ठेवते. मला काय करायचीत चित्रं?"

ठिपक्याएवढं चित्र. ते यांच्याकडे कधी उमटलंच नसणार. मी मटकन खाली बसले. त्यांनी हात पुढे केला तो माझ्या डोक्यावर पडला, आणि मी भर बोळात लहान मुलीसारखी रडले.

रक्तपेढीच्या बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "पुरे, पुरे, आता हवं त्याहून जास्त झालं. पण काय हो, तुमच्या मंडळात सगळेच लंगडे कसे?"

दुपारी धाकटीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मुलीचा आवाज असा खणखणीत आहे की मजल्यावर कोणाला झोप नाही.

शनिवार, ५ एप्रिल

छत्रीवाले परतले. पडदा उघडला आणि छत्री टेबलावर आपटून हसायला लागले. "ताई, तुम्ही 'घरचे'च्या ऐवजी वरच्या चौकटीत टिचकी मारलीत! तुमची गुडघ्याची पत्रं गेली ती 'गप्प' लोकांना. ज्यांचा गुडघा दुखत होता त्यांना वाटलं, आपल्यालाच विचारलंय. त्यांनी उत्तरं दिली. मग तुम्ही त्यांनाच यादीतून काढलंत, म्हणून पत्रं थांबली. एवढंच!"

एवढंच! गेले दोन आठवडे मी पलंगाखाली वाकून बघत होते, आणि एवढंच. त्यांच्यासमोर मीही हसले. सगळ्या गप्प लोकांना पुन्हा यादीत घातलं. या माणसांना मी किती सहज काढून टाकलं होतं, ते आठवून कसंसंच झालं. तुमचं एकही पत्र चुकवलेलं नाही, असं म्हणणाऱ्या बाईला मी बरं वाटून काढलं होतं.

छत्रीवाले गेले आणि मग लक्षात आलं. बागेतला कळला, फुटबॉलवाला कळला, ऐकणाऱ्या बाई कळल्या. पण डबा? कडी?

कप्पा उघडला. बुधवारी मी सगळ्यांना लिहिल्यावर थोड्याच वेळात आलेलं एक उत्तर तसंच न वाचलेलं पडलं होतं.

"मी आहे. मला भिऊ नकोस. तुमच्या जुन्या यादीत माझं नाव अजून आहे. तू पत्रातून विचारलंस म्हणून मी पत्रातून सांगत होतो. तोंडाने बोललेलं तुला आवडणार नाही असं वाटलं. आत्ता रक्तपेढीत फोन केला होता, माझं घेत नाहीत म्हणाले. जुन्या एक्स्चेंजवाल्यांना फोन लावतोय, कोणी ओळखीचं असलं तर धाडतो. धाकटीजवळ बस. आणि काहीतरी खा."

 मला तुमची भीती वाटते. हे मी लिहिलं होतं, आणि ते कोणाला पोचलं होतं!

घरी आले. बाबांचं दार नुसतं लोटलेलं होतं. तेलाचा वास येत होता. हा वास रोज येतो, किती वर्षं येतोय, आणि ते काय चोळतात हे मी कधी विचारलं नव्हतं. मी दाराशी उभी राहिले. हात वर केला, पण ढकलायचा धीर होईना.  आतून कळफलकाची टकटक ऐकू आली, थांबली, पुन्हा आली.

पिशवीतला फोन थरथरला. कप्प्यात नवं उत्तर होतं.

"दाराबाहेर कधीची उभी आहेस. आत ये, कडी नाही."

मी आत गेले.